निऑन टेट्रा का मेले आणि कार्डिनल केव्हा आणावेत

नागपूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

‘आमच्या घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी आहे. जानेवारीत मी आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीने मिळून तिच्यात पाणवनस्पती लावल्या. तळाला पिशवीतून मिळणारी काळी खतमाती पसरली, ॲमेझॉन स्वोर्ड, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन आणि हायग्रोफिला लावले आणि साखर-यीस्टच्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड सोडला. आठव्या दिवशी पाणी अगदी नितळ झाले, म्हणून बारा निऑन टेट्रा आणले. तीन दिवस सारे छान होते. चौथ्या दिवशी दोन मासे सुस्त वाटले, तेव्हा दुकानदारांच्या सांगण्यावरून अर्धे पाणी काढून बोअरचे ताजे पाणी भरले. त्याच संध्याकाळी तीन मासे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन. उरलेले मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघड-मीट करताना दिसतात. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ६२० आणि सामू (पीएच) ८ आहे. दुकानदार म्हणतात की मीठ आणि निळे औषध टाका, पुढच्या खेपेला निऑनऐवजी कार्डिनल टेट्रा न्या आणि शोभेला दोन एंजल मासे सोडा. माझी मुलगी रोज सकाळी मासे मोजते. आता सात उरले आहेत. रात्री दिवा लावून पाहिले तर त्यांचा रंगही उडालेला असतो. हे मासे का मेले? कार्डिनल आणावेत का? आणि मुलीचा प्रश्न असा की, हे मासे नदीतून पकडून आणतात का, आणि तसे असेल तर आपण ते विकत घ्यावेत का?’

सप्रेम नमस्कार.

सात मासे अजून जिवंत आहेत, म्हणून कारणे नंतर पाहू. आधी आज काय करायचे ते सांगतो. मीठ आणि निळे औषध टाकू नका. निळे औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. ते माशांच्या अंड्यांवरील बुरशीसाठी किंवा आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून उपचार करण्यासाठी उपयोगी आहे. परंतु वनस्पतींच्या टाकीत ते पानांना अपाय करते आणि जे उपयुक्त जिवाणू तुमच्या टाकीत आत्ता कोठे रुजू लागले आहेत, त्यांनाच मारते. मीठही तसेच: टेट्रा हा जवळजवळ क्षारविरहित पाण्यातील मासा आहे आणि तुमच्या पाण्यात क्षार आधीच भरपूर आहेत. साखर-यीस्टची बाटली आजच काढून ठेवा. फिल्टरचे तोंड वर उचलून पाण्याच्या पृष्ठभागावर लहरी उठतील असे करा. दोन दिवस खाणे देऊ नका. निऑनला दोन दिवसांचा उपास मुळीच जड जात नाही.

त्यानंतर पाणी. घरात पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्र असेल, तर त्याचे तीन भाग आणि बोअरचा एक भाग असे मिश्रण एका स्वच्छ, साबण न लागलेल्या बादलीत करून ठेवा. आरओचा टीडीएस ४० धरला, तर या मिश्रणाचा साधारण १८५ येतो आणि तो टेट्रांना सोसण्याजोगा आहे. माती आणि झाडे वगळता तुमच्या टाकीत ५५ ते ६० लिटर पाणी असावे. त्यातील सहा लिटर रोज काढायचे आणि खोलीच्या तापमानाला आलेले हे मिश्रण अर्ध्या तासात हळूहळू सोडायचे. अर्धी टाकी एकदम बदलण्याचा मोह, पाणी कितीही खराब वाटले तरी, कृपया टाळा. निव्वळ आरओचे पाणीही घालू नका. त्यात सामू स्थिर धरणारे क्षारच नसतात, त्यामुळे काही आठवड्यांत तो अचानक खाली कोसळू शकतो. शिवाय अमोनिया मोजण्याचा थेंबांचा चाचणीसंच विकत घ्या. कागदी पट्ट्यांपेक्षा तो अधिक विश्वासार्ह असतो आणि या छंदात औषधांच्या दहा बाटल्यांपेक्षा अधिक मासे वाचवतो.

आता मासे का मेले ते पाहू. मी टाकी पाहिलेली नाही, तरीही तुम्ही दिवसांचा जो क्रम लिहिला आहे, तो बराच बोलका आहे. काळ्या खतमातीत वनस्पतींसाठी नत्र भरलेले असते आणि पहिले तीन-चार आठवडे ते पाण्यात उतरत राहते. त्यात माशांचे मलमूत्र आणि उरलेले खाणे यांची भर पडते. हे सारे नत्र पाण्यात दोन रूपांत वावरते: एक अमोनियम, जे माशांना तुलनेने सोसते, आणि दुसरे मुक्त अमोनिया, जे कल्ले जाळते. एकूण साठ्यापैकी किती भाग कोणत्या रूपात असेल, हे मुख्यतः सामूवर आणि काही अंशी तापमानावर ठरते. सामू सातवरून आठवर गेला, की मुक्त अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. २८ अंश तापमानाला तो सातला एक टक्क्याहून कमी, तर आठला सहा-सात टक्के असतो.

तुमच्या टाकीत खतमातीने आणि कार्बन डायऑक्साइडने मिळून सामू सातच्या खाली ओढला असणार. म्हणून अमोनियाचा साठा वाढत असूनही पहिले तीन दिवस मासे तग धरून राहिले. चौथ्या दिवशी तुम्ही अर्धे पाणी काढले, म्हणजे साठा निम्मा झाला; पण त्या जागी सामू आठचे बोअरचे पाणी आले आणि उरलेल्या निम्म्या साठ्यातील विषारी भाग कित्येक पटींनी वाढला. त्याच वेळी ज्या पाण्यात मासे होते, त्यापेक्षा फार जड, म्हणजे अधिक क्षारांचे, पाणी त्यांच्या अंगावर आले. तीन मासे त्याच संध्याकाळी गेले, याचे मला तरी हेच सरळ कारण दिसते. दुकानदारांचा सल्ला वाईट हेतूचा नव्हता. साध्या खडीच्या, गप्पी-मोलींच्या टाकीत तो अनेकदा लागू पडतो, कारण तेथे टाकीतले पाणी आणि बोअरचे पाणी यांत फारसा फरक नसतो. तुमच्यासारख्या टाकीत मात्र तोच सल्ला उलटतो.

पहाटेच्या दोन मृत्यूंमागे याशिवाय आणखी एक गोष्ट असावी. साखर-यीस्टच्या बाटलीला चावी नसते. ती रात्रभर वायू सोडत राहते. दिवा मालवल्यावर वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेणे थांबवतात आणि आपल्यासारख्याच प्राणवायू घेऊ लागतात, म्हणून सूर्योदयापूर्वीच्या तासांत टाकीतील प्राणवायू सर्वांत कमी आणि कार्बन डायऑक्साइड सर्वांत जास्त असतो. ज्यांचे कल्ले आधीच भाजले आहेत, त्या माशांना ही वेळ निभावत नाही. तुम्ही लावलेल्या चारही वनस्पती बाटलीशिवाय वाढतात, केवळ थोड्या सावकाश. माझे मत विचाराल, तर बाटली पुन्हा जोडूच नका.

निऑनचा म्हणून एक खास रोग आहे आणि आपल्या माशांना तोच झाला की काय, अशी शंका पुष्कळांना येते. प्लाइस्टोफोरा नावाचा सूक्ष्म परजीवी स्नायूंत शिरतो, लाल-निळ्या पट्ट्यांत मधेच पांढुरके डाग पडतात, मासा थव्यापासून दूर एकटा राहतो, अस्वस्थपणे पोहतो आणि पुढे त्याचा कणा वाकतो. त्यावर खात्रीचे औषध नाही. परंतु तो आठवड्या-आठवड्याने वाढतो. एका संध्याकाळी तीन मासे नेत नाही. तुमच्या पत्रात त्याची लक्षणे मला दिसत नाहीत. तरी मेलेला मासा दिसताच बाहेर काढण्याची सवय ठेवा, कारण इतर मासे तो टोचून खातात आणि हा रोग बहुतांशी त्याच वाटेने पसरतो. मुलीची रोजची मोजणी या दृष्टीने फार मोलाची आहे. दाट झाडीत एक मासा मेला तरी दोन दिवस कळत नाही; मोजणाऱ्याला मात्र त्याच सकाळी कळते.

नितळ पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आठव्या दिवशी तुम्ही पाण्याच्या नितळपणावर विश्वास ठेवलात आणि जवळजवळ प्रत्येक जण ठेवतो. अमोनियाला रंग नाही आणि माशाला घातक ठरणाऱ्या प्रमाणात तो आपल्या नाकालाही कळत नाही. टाकी तयार होणे म्हणजे फिल्टरच्या स्पंजात, मातीत आणि पानांवर दोन प्रकारच्या जिवाणूंची वस्ती बसणे: पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र वनस्पतींचे खत आहे. या वस्तीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधील स्पंजाचा तुकडा ओला ठेवूनच आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवा. अवधी बराच कमी होतो. वनस्पतींपैकी हायग्रोफिला या कामी सर्वांत तत्पर आहे, कारण भराभर वाढणारी वनस्पती अमोनिया थेट शोषून घेते. तिच्या शेंड्यांची छाटणी करून तेच शेंडे मोकळ्या जागी खोचत जा. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही सलग आठ दिवस शून्य आले, की टाकी तयार झाली असे समजा. तोपर्यंत एकही नवा मासा आणू नका, मग दुकानात तो कितीही सुंदर दिसो.

आता निऑन की कार्डिनल. हे दोघे सख्ख्या चुलत भावंडांसारखे आहेत. निऑनमध्ये तांबडा पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत असतो; कार्डिनलमध्ये तो जवळजवळ डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड जातो आणि मासाही किंचित मोठा, चार-पाच सेंटीमीटरचा होतो. निऑनचे शास्त्रीय वर्णन १९३६ साली जॉर्ज मायर्स यांनी केले. कार्डिनलची ओळख विज्ञानाला त्यानंतर वीस वर्षांनी, १९५६ साली झाली आणि तीही अशी की दोन स्वतंत्र वर्णने एका दिवसाच्या अंतराने प्रसिद्ध झाली. अखेरीस आधीच्या दिवसाचे, लेनर्ड शुल्ट्झ यांचे, नाव कायम ठरले: पॅराकिरोडॉन ॲक्सेलरोडी. निऑन पश्चिम ॲमेझॉनचा आहे, म्हणजे पेरू, कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमाभागातील ओढ्यांचा. कार्डिनल हा रिओ नेग्रो आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतला, अधिक उष्ण पाण्याचा मासा आहे.

नागपूरकरांसाठी हाच फरक निर्णायक आहे. निऑनला २० ते २६ अंशांचे पाणी मानवते. महाबळेश्वरला किंवा नाशिकच्या थंडीत राहणाऱ्या वाचकांना मी निःशंकपणे निऑन सुचवीन. परंतु मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना घरातल्या टाकीचे पाणी ३१-३२ अंशांवर सहज जाते आणि निऑन ते फार दिवस सोसू शकत नाही. कार्डिनलला २४ ते २९ अंश चालतात. म्हणून दुकानदारांचा हा एक सल्ला योग्य आहे, असे मी म्हणेन: पुढचा थवा कार्डिनलचाच करा. उरलेले सात निऑन त्याच टाकीत राहू द्या. दोन्ही जाती एकमेकींना त्रास देत नाहीत आणि पुष्कळदा एकत्र फिरतात.

कार्डिनलसाठीसुद्धा उन्हाळ्याची तजवीज करावी लागेलच. विदर्भात घरोघरी कूलर असतो, तेव्हा वाळ्याच्या ताट्यांवरून जाणारी कोरडी हवा कशी गार होते हे तुम्हाला सांगायला नको. टाकीलाही तेच तत्त्व लागू पडते. काचेचे झाकण काढून त्या जागी जाळी बसवा आणि एक छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा टाकील असा लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी खाली येते, आणि तुमच्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी असल्याने कोकणातल्या घरापेक्षा हा उपाय कितीतरी अधिक लागू होतो. एक काळजी मात्र घ्यायची: वाफ होऊन पाणी जाते, क्षार मागेच राहतात. रोज जेवढी पातळी उतरेल तेवढी भर निव्वळ आरओच्या पाण्याने घाला, मिश्रणाने किंवा बोअरच्या पाण्याने नव्हे. नाहीतर मेअखेर टीडीएस पुन्हा बोअरइतका झालेला दिसेल. निव्वळ आरओ घालू नका असे मी वर म्हटले आणि येथे घाला म्हणतो, यात विसंगती नाही. तेथे पाणी काढून त्या जागी नवे भरायचे होते, येथे फक्त उडालेले पाणी परत द्यायचे आहे. दिवा उन्हाळ्यात सहा तासांहून अधिक ठेवू नका आणि तो शक्यतो संध्याकाळी लावा. बर्फाच्या पिशव्या टाकीत सोडू नका; एका तासात तीन अंश उतरलेले पाणी चढलेल्या पाण्याइतकेच त्रासदायक असते. हिवाळ्यात रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो, तेव्हा पन्नास-पंचाहत्तर वॉटचा, आपोआप बंद होणारा हीटर पुरेल.

पाणी थोडे आम्लधर्मी करण्यासाठी आणखी एक घरगुती वस्तू सांगतो. बंगल्यांच्या आवारात आणि शाळांच्या मैदानांत जे मोठ्या पानांचे बदामाचे झाड असते, ज्याची पाने गळण्यापूर्वी लालभडक होतात, त्याची आपोआप गळून वाळलेली पाने गोळा करा. ज्या झाडावर कीटकनाशकाची फवारणी होते, त्याची घेऊ नका. पाने धुऊन एक-दोन टाकीत सोडा. पाण्याला कोऱ्या चहासारखी फिकट तपकिरी छटा येते. रिओ नेग्रो या नावाचा अर्थच काळी नदी असा आहे आणि तिचे पाणी अशाच कुजणाऱ्या पानांतील द्रव्यांनी काळसर झालेले असते. पानांमुळे सामू थोडा खाली येतो खरा, परंतु तो मऊ पाण्यात. ६२० टीडीएसच्या बोअरच्या पाण्यात टोपलीभर पाने टाकली तरी फरक पडत नाही, कारण त्यातील कार्बोनेट ते आम्ल जिरवून टाकतात. म्हणून आधी आरओचे मिश्रण आणि मग पाने, हा क्रम.

आता रंगाविषयी. तुमची काळजी या एका बाबतीत अनाठायी आहे आणि ते सांगताना मला आनंद होतो. निऑन आणि कार्डिनल यांच्या निळ्या पट्ट्यात निळा रंग असा नसतोच. तेथील पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या अतिशय पातळ, पारदर्शक स्फटिकांच्या चळती असतात आणि त्यांच्यामधील अंतरामुळे प्रकाशातला निळा-हिरवा भाग तेवढा परत फिरतो. हे अंतर मासा बदलू शकतो. अंधारात तो पट्टा जांभळट, मळकट होतो, लालीही फिकी पडते आणि सकाळी दिवा लागल्यावर काही वेळात सारे पूर्ववत होते. मध्यरात्री दिवा लावून पाहिलेला फिकट मासा आजारी नसून विसावलेला असतो. मुलीला हा बदल पाहायचा असेल, तर सकाळी दिवा लावण्यापूर्वी खिडकीच्या मंद उजेडात टाकीसमोर बसवा. पट्टा हळूहळू उजळताना तिला स्वतःला दिसेल. मात्र रात्री एकदम प्रखर दिवा लावू नका. माशांना पापण्या नसतात; ते दचकून काचेवर आपटतात.

दिवसा रंग खुलण्यासाठी या माशाला सावली लागते, ही गोष्ट वनस्पतींची टाकी करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, कारण आपण वनस्पतींसाठी प्रखर दिवे लावतो. पूर आलेल्या जंगलाच्या छायेत वाढलेला मासा लख्ख प्रकाशात आणि पांढऱ्या वाळूवर बावरतो, फिकट पडतो आणि कोपऱ्यात दबून राहतो. तुमची माती काळी आहे, हे उत्तम. मागच्या काचेला काळा कागद लावा, हायग्रोफिलाची मागे दाट भिंत होऊ द्या, स्वोर्ड एकच आणि तोही एका बाजूला ठेवा, कारण तो या टाकीत लवकरच सगळी जागा व्यापेल, आणि समोरचा एक तृतीयांश भाग पोहण्यासाठी मोकळा सोडा. पृष्ठभागावर थोडी तरंगणारी वनस्पती असू द्या. जावा फर्नचे खोड मातीत पुरले असेल, तर ते काढून लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा. पुरलेले खोड कुजते आणि पुन्हा अमोनियाच देते. क्रिप्टोकोरिनची पाने नव्या पाण्यात विरघळल्यासारखी गळतील. घाबरू नका, गळलेली पाने तेवढी काढून घ्या. मुळांतून नवी येतात.

एंजल मात्र नको. तो याच ॲमेझॉन खोऱ्यातला मासा आहे आणि तेथे तो लहान मासेही खातो. टाकीत मोठा झालेला एंजल एका रात्रीत निऑन गिळतो, यात त्याचा काही दोष नाही. शिवाय सव्वा फूट उंचीची टाकी त्याच्या उंच परांना अपुरी आहे. सात निऑन, दहा-बारा कार्डिनल आणि तळाशी पाच-सहा लहान जातीचे कोरिडोरास (तळाला राहणारे छोटे मासे), एवढ्यावर तुमची टाकी भरली असे माना. थवा दहाच्या खाली नसावा. चार-पाच कार्डिनल आणून पाहणारे पुष्कळ असतात. ते मासे भेदरलेले राहतात आणि त्यांचा खरा डौल कधी दिसतच नाही. दुकानात गुलाबी, जांभळे, पोपटी असे ‘रंगीत टेट्रा’ दाखवतील, त्यांपैकी पुष्कळ पांढऱ्या टेट्राला रंग टोचून किंवा रंगात बुडवून केलेले असतात. ते घेऊ नका. त्यात माशाचे हाल होतात आणि रंगही काही महिन्यांत उडतो.

खरेदी केव्हा करावी? तुमची टाकी मार्चच्या मध्यापर्यंत तयार झाली आणि तोपर्यंत पंख्याची व्यवस्था होऊन पाणी २८ अंशांच्या आत राहते असे तुम्ही आठवडाभर मोजून पाहिले, तर मार्चअखेर कार्डिनल आणा. तसे न जमल्यास सरळ जुलैपर्यंत थांबा. एप्रिल-मेमध्ये आणू नका, कारण त्या महिन्यांत प्रवासातच मासे अर्धमेले झालेले असतात. दुकानात मासे येऊन किमान आठ दिवस झाले आहेत का ते विचारा, आपल्यासमोर खाणे टाकायला सांगा आणि त्याच टाकीत एक जरी मेलेला किंवा पांढरे ठिपके पडलेला मासा दिसला, तर रिकाम्या हाताने परत या. घरी आणल्यावर त्यांना दोन-तीन आठवडे वेगळ्या लहान टाकीत किंवा टबात, स्पंज फिल्टर लावून ठेवणे आवश्यक आहे. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी घाईने हे टाळले आणि पिशवीतून आलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने माझा जुना, तीन वर्षांचा थवा आठवड्यात गमावला. ते दुःख तुमच्या वाट्याला येऊ नये असे मनापासून वाटते. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. हवेच्या पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीतले पाणी थेंबथेंब तासभर मासे असलेल्या भांड्यात सोडा आणि मग जाळीने मासे उचलून घ्या.

खाण्याविषयी थोडक्यात: या माशाचे तोंड फार लहान असते, म्हणून फ्लेक (पापुद्र्यांसारखे कोरडे खाणे) बोटांनी चुरून, दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकेच घाला. आठवड्यातून एक-दोनदा आर्टेमिया या कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवाची नुकतीच उबवलेली पिल्ले दिलीत, तर माशांची लाली चांगली खुलते.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला सांगा की, तुमचे निऑन जवळजवळ निश्चितपणे मत्स्यशेतीत जन्मलेले आहेत. कार्डिनलचीही आता मत्स्यशेतीत पैदास होते. परंतु आजही कित्येक कार्डिनल नदीतून येतात आणि त्यांची मोठी पेठ म्हणजे ब्राझीलमधील बार्सेलोस हे गाव. मानौस शहरापासून रिओ नेग्रोच्या प्रवाहाविरुद्ध सुमारे ४०० किलोमीटरवर ते आहे. मासे पकडणाऱ्यांना तेथे पियाबेरो म्हणतात. लहान होड्यांतून जाऊन ते हातजाळ्यांनी आणि सापळ्यांनी मासे धरतात आणि सजीव मासा विकायचा असल्यामुळे त्याला जपून हाताळतात. पावसाळ्यात नदी जंगलात शिरते, मासे झाडांच्या मुळाखोडांमध्ये चरतात आणि वाढतात. पूर ओसरला, की असंख्य मासे आटणाऱ्या डबक्यांत अडकून मरतात. धरले जाणारे पुष्कळ मासे त्या मोसमानंतर तसेही जगले नसते. टाकीत मात्र नीट सांभाळलेला कार्डिनल चार-पाच वर्षे राहतो.

त्या गावाच्या अर्थकारणात या माशाला इतके मोल आहे की, दरवर्षी तेथे शोभेच्या माशांचा उत्सव होतो आणि त्यात गावाचे दोन पक्ष पडतात: एक कार्डिनलचा, दुसरा डिस्कस या माशाचा. निंग लाबिश चाओ या संशोधकाने १९८९ साली तेथे प्रोजेक्ट पियाबा सुरू केला. ‘मासा विकत घ्या, झाड वाचवा’ असा त्याचा आशय आहे. पियाबेरोंची मिळकत जंगल उभे असण्यावर आणि नदी स्वच्छ असण्यावर अवलंबून आहे. ती मिळकत बुडाली, तर त्यांना वृक्षतोड, सोन्याच्या खाणी किंवा गुरांची कुरणे याच वाटा उरतात. म्हणून मुलीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, काळजीपूर्वक धरलेला नदीतला कार्डिनल घेण्यात मला चूक वाटत नाही. चूक वाटते ती त्याला तयार न झालेल्या टाकीत सोडण्यात.

तरीही तुमच्या पहिल्या थव्यासाठी मी मत्स्यशेतीतले कार्डिनलच घ्या असे सुचवीन, आणि याचे कारण केवळ पाणी आहे. नदीतल्या माशाला अतिशय मऊ, आम्लधर्मी पाण्याची सवय असते, तर शेतीतले मासे १८५ टीडीएसच्या पाण्यात सहज रुळतात आणि कोरडे खाणे लगेच स्वीकारतात. दुकानदारांना मासे कोठून आले ते विचारा. सांगता आले नाही, तर निदान ते किती टीडीएसच्या पाण्यात ठेवले आहेत, हे मोजून पाहा. वर्षभराने पाणी सांभाळण्याचा हात बसला, की नदीतल्या कार्डिनलचा विचार अवश्य करा.

तोपर्यंत मुलीच्या मोजणीच्या वहीत माशांच्या आकड्याशेजारी तीन रकाने आणखी आखा: अमोनिया, नायट्राइट आणि सकाळचे तापमान. पहिले दोन दर तीन दिवसांनी, तापमान रोज. सहा आठवड्यांची ती पाने मला पाठवलीत, तर कार्डिनल मार्चमध्ये आणायचे की पावसाळ्यात, हे त्या आकड्यांवरून नेमके सांगता येईल.